कंपनीला दिलेलं गाणं

नंदाखाल गावातल्या एका म्हातारीने माझ्या दुकानातल्या कॅसेटमुळे गाणं सोडलं, असं तिकडे अजून बोललं जातं. साफ खोटं आहे. गाणं सोडलं ते दोन कंपन्यांच्या भांडणामुळे, आणि त्याहून जास्त म्हातारीच्या हट्टामुळे. मी नुसता निरोप्या होतो. पण वाईट बातमी आली की पोस्टमनलाच शिव्या घालायची आपल्याकडे रीत आहे, त्याला कोण काय करणार!

नव्वदच्या दशकात विरार पूर्वेला, फुलपाड्यात, माझी व्हिडिओ लायब्ररी होती. इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा, तीन भिंतींना कॅसेटी आणि चौथ्या बाजूला मी. बायको दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत बसायची, कारण गिऱ्हाईक माझ्याशी भांडून जायचं आणि तिच्याशी बोलून परत यायचं. मला राग लवकर येतो. आणि त्या धंद्यात राग येण्यासारखं रोज काहीतरी असायचंच.

लोकांना वाटायचं, पिक्चर निघाला की कॅसेट निघालीच पाहिजे. "तो पिक्चर अजून नाही? मग लायब्ररी कशाला काढली?" अहो, पिक्चर म्हणजे काय एक वस्तू असते का? निर्माता थेटरचे हक्क एकाला विकतो, व्हिडिओचे दुसऱ्याला, गाण्यांचे तिसऱ्याला, परदेशचे चौथ्याला. खाटकाकडे बोकडाची मुंडी एकाने नेली, पाय दुसऱ्याने, कलेजी तिसऱ्याने, आणि तुम्ही येऊन म्हणता अख्खा बोकड दाखव. कुठून दाखवू? कितीतरी पिक्चर असे होते की त्यांचे व्हिडिओ हक्क कुणीतरी घेऊन ठेवले होते आणि तो त्यांच्यावर नागासारखा बसून राहिला होता. स्वतः कॅसेट काढायची नाही, दुसऱ्याला काढू द्यायची नाही. मराठी पिक्चरच्या नशिबी तर हे हमखास यायचं.

माझी मुलगी ज्या शाळेत होती तिथल्या एक बाई एका दुपारी दुकानात आल्या. राहायला विरारजवळच्या नंदाखाल गावात, केळी-नारळाच्या वाडीत. रोज एसटीने विरारला यायच्या. आवाज हळू, पण शब्द असा की समोरचा आपोआप सरळ उभा राहतो. त्यांनी एका मराठी पिक्चरचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "बाई, हा पिक्चर कधी आला नि कधी गेला ते निर्मात्यालाही कळलं नसेल."

"दादरला एक आठवडा होता," त्या म्हणाल्या. "आम्हाला कळेपर्यंत उतरला. त्यात माझी आय आहे."

आय म्हणजे त्यांची आई. गावातली ख्रिस्ती घरं आपापसात जी बोली बोलतात, तिच्यातला हा शब्द. तेव्हापासून मीसुद्धा मनात तिला आयच म्हणायला लागलो, तोंडावर मात्र आजी. तिचं सगळं बोलणं त्या बोलीतलं. मी ते इथे माझ्या मराठीत सांगतोय, कारण मला ती बोली येत नाही आणि चुकीची लिहिली तर बाई या वयातही माझा कान धरतील.

झालं होतं ते असं. पिक्चरवाल्यांना लग्नाचं गाणं हवं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं की नंदाखालच्या बायका लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर पाणी आणायला जाताना एक लांबलचक गाणं म्हणतात, आणि त्याची सगळी कडवी फक्त एका म्हातारीला येतात. बाकीच्या बायका पालुपद धरतात. गाणं म्हणजे आमंत्रण: विहिरीला लग्नाला ये म्हणायचं, केळीला म्हणायचं, नारळीला म्हणायचं, चुलीला म्हणायचं, गेलेल्या आजीपणजीला म्हणायचं. आयला ते सासूकडून मिळालेलं, सासूला तिच्या सासूकडून. बाई शाळेत गेल्या, मास्तरीण झाल्या, आणि गाणं आयपाशीच राहिलं.

पिक्चरवाले आले, टेपवर गाणं घेतलं, मग पुन्हा येऊन विहिरीवर शूटिंग केलं. सगळ्या बायका लाल लुगडी नेसून, दागिने घालून उभ्या. त्यांच्यातला मोठा माणूस आयला म्हणाला होता, "आजी, हे गाणं आम्हाला द्या." आय म्हणाली, "घे." त्यांनी साडी-नारळ दिला, तिने तो पदरात घेतला. एवढाच व्यवहार. कागद नाही, काही नाही.

"तिला एकदा बघायचंय," बाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

अहो, अशी विनंती कोण मोडेल? मी कॅसेट आली की पहिली त्यांना देईन म्हणून शब्द दिला आणि पुढची दोन-एक वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आमच्या घाऊक व्यापाऱ्याचं डोकं खाल्लं. तो म्हणायचा, "हक्कच विकले नाहीत अजून." मग म्हणायचा, "विकलेत, पण घेणाऱ्याने पुढे विकलेत." मग म्हणायचा, "तुझा नातेवाईक आहे का रे हिरो?" बाई महिन्यातून एकदा यायच्या, दारातूनच माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायचो, त्या निघून जायच्या.

आणि एके दिवशी आली! चकचकीत खोका, वर हिरो-हिरॉईन आणि मोठ्या अक्षरांत 'सुमधुर गाण्यांनी नटलेला कौटुंबिक चित्रपट'. मी ती लावूनसुद्धा पाहिली नाही. पहिला मान आयचा. बायको म्हणाली, "एकदा बघून घ्या हो, कॅसेट खराब निघाली तर?" मी म्हटलं, "कंपनीची सीलबंद आहे, खराब कशी निघेल?" बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर बघायचं ठरलं. मी एसटीने निघालो, व्हीसीआर मांडीवर, बायकोच्या शालीत बाळासारखा गुंडाळलेला. कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं, तिथे एक भांडण झालं. बाईंच्या अंगणात पोचलो तर निम्मं गाव जमलेलं. टीव्ही ओट्यावर. आणि शूटिंगला उभ्या राहिलेल्या सगळ्या बायका पुन्हा तीच लाल लुगडी नेसून, तेच दागिने घालून आलेल्या. टीव्हीतल्या स्वतःला बघायचं तर नीट नटून बघायला नको? मला आधी हसू आलं, मग खरंच गलबलून आलं. आय पुढे, पाटावर. बारीकशी, ताठ, हातात जपमाळ.

पिक्चर सुरू झाला. आपली विहीर दिसली तेव्हा अंगणात टाळ्या पडल्या. आपली केळ दिसली, टाळ्या. हिरॉईन विहिरीकडे निघाली, मागे कोपऱ्यात लाल लुगड्याचा एक काठ दिसला, सगळ्या बायका एकमेकींना गप्प करायला लागल्या, आणि पुढच्या क्षणी हिरो मोटारसायकलवरून पुण्याला पोचला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा विहीर, पुन्हा काठ, पुन्हा पुणे. तिसऱ्यांदा तेच. अख्खा पिक्चर पळवून पाहिला, एकही गाणं नाही. सुमधुर गाण्यांनी नटलेला म्हणे! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आता गावाला काय वाटलं असेल? एक काका उठून म्हणाले, "याने कापलं. लग्नाच्या शूटिंगसाठी हे लोक अशीच कापलेली टेप वापरतात." दुसरे म्हणाले, "पैसे वेगळे पाहिजे असतील गाण्याचे." मी कॅसेट हातात घेऊन ओरडत होतो, "अहो, सील मी तुमच्यासमोर तोडलं!" पण कोण ऐकतंय. बायका लुगड्याचे पदर खोचून मुकाट्याने घरी निघाल्या. बाईंनी तरीही मला जेवायला थांबवलं.

दुसऱ्याच दिवशी मी लॅमिंग्टन रोडला जाऊन व्यापाऱ्याच्या काउंटरवर कॅसेट आपटली. तो शांतपणे चहा पीत होता. म्हणाला, "गाणी त्यात नसणारच. निर्मात्याने गाणी ऑडिओवाल्याला विकली ना, ती चित्रासकट विकली. त्या कंपनीला निवडक गाण्यांच्या व्हिडिओ कॅसेटी काढायच्या होत्या. मग पिक्चरची कॅसेट काढणाऱ्याने त्यांच्याकडे गाणी मागितली, त्यांनी भाव वाढवला, याने सांगितलं गेलात उडत, आणि गाणी कापून पिक्चर बाजारात आणला."

"मग ती गाण्यांची कॅसेट दे."

"ती कुठे काढलीय? पिक्चर पडला. पडलेल्या पिक्चरची गाणी कोण घेतंय? ऑडिओसुद्धा नाही काढली. पडून असेल त्यांच्या कपाटात."

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो असं आपण शाळेत शिकतो. इथे तिसरी म्हणजे नंदाखालची एक म्हातारी, आणि तिच्या हाती काय आलं तर पुण्याला जाणारी मोटारसायकल! मी परतताना एकटाच बडबडत होतो. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

गावात माझं नाव खराब झालं होतं, म्हणून सगळं नीट सांगायला मी पुन्हा नंदाखालला गेलो. बाई होत्या, आय होती, दोन-चार शेजारी होते. मी हक्क म्हणजे काय, पिक्चरचे वेगळे, गाण्याचे वेगळे, हे सगळं समजावलं. शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. आय मात्र लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे गाणं आता त्या कंपनीचं?"

"हो आजी. तुम्ही पिक्चरवाल्याला दिलंत, त्याने कंपनीला विकलं."

"मक्त्याने दिलेल्या झाडासारखं?"

वाडीतली ही रीत मला ठाऊक होती. आंब्याला मोहोर आला की झाडं व्यापाऱ्याला मक्त्याने देतात. एकदा दिलं की त्या झाडाच्या फळावर घरच्यांचा हक्क नाही. पोरांना तंबी असते. वाऱ्याने खाली पडलेला आंबासुद्धा कुणी तोंडात घालत नाही, उचलून एका बाजूला व्यापाऱ्यासाठी ठेवतात. एवढ्या पोरासोरांच्या घरात! मला तर टाळीच द्यावीशी वाटली. जे मला फुलपाड्यातल्या शिकलेल्या लोकांना वर्षानुवर्षं समजावता आलं नव्हतं, ते आयला एका फटक्यात कळलं होतं. मी म्हटलं, "अगदी बरोबर! तसंच!"

आयने मान हलवली आणि आत जाऊन माझ्यासाठी केळी घेऊन आली. गावातला माझ्यावरचा संशय फिटला. मी खूश होऊन घरी आलो.

नाताळनंतर लग्नांचे दिवस आले. महिनाभराने बाई दुकानात आल्या त्या सरळ काउंटरपाशी. "तुम्ही आयला काय सांगितलंत?"

शेजारच्या घरात लग्न होतं. बायका विहिरीकडे निघाल्या, नेहमीप्रमाणे आयच्या तोंडाकडे बघत थांबल्या, आणि आय गप्प. म्हणाली, "ते दिलंय मी. आता माझं नाही." बायकांना वाटलं, थट्टा करतेय. मग वाटलं, रागावलीय. पुढच्या लग्नात तेच. तिसऱ्या लग्नात त्यांनी विहिरीवर जाताना बँडवाल्याला कुठल्यातरी हिंदी पिक्चरचं गाणं वाजवायला सांगितलं.

"म्हणायला सांगा ना तिला," मी म्हटलं. "कंपनीला कोण सांगायला जातंय?"

"मी म्हटलं तसं. तर मलाच म्हणाली, मक्तेदार बघत नाही म्हणून पडलेला आंबा उचलायचा का? तुला हेच शिकवलं मी?"

बाई मास्तरीण, पण आयपुढे त्यांची पाटी कोरी. त्यांनी फादरना मध्ये घातलं. फादर घरी येऊन म्हणाले, गाणं देवाचं आहे, खुशाल म्हणा. आयने त्यांना सरबत दिलं, आशीर्वाद घेतला, आणि ते गेल्यावर म्हणाली, "फादर चांगले आहेत, पण त्यांना बागायत नाही."

मग माझी पाळी. बायको रोज टोचायची, "तुम्हीच ना ते 'अगदी बरोबर' म्हणून आलात? आता जा आणि निस्तरा." मी गेलो. म्हटलं, आजी, कंपनीने फक्त ती फिल्म घेतलीय, तुमचा गळा नाही घेतला. ती म्हणाली, "मी गळा दिलाच नव्हता. गाणं दिलं होतं." मी म्हटलं, घरातल्या घरात म्हणा, नातीला तरी शिकवा. ती म्हणाली, घरातल्या घरात चोरी केली तर ती चोरी नसते का? शेवटी मी सरळ थाप मारली. म्हटलं, कंपनीच्या साहेबांना मी स्वतः विचारलं, ते म्हणाले, आजींना खुशाल म्हणू द्या. आय माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "क्रुसावर हात ठेवून सांग." मी हिंदू माणूस, क्रुसावर हात ठेवायला माझं काय जाणार होतं? पण हात उचलला जाईना. ती हसली आणि म्हणाली, "चल, जेवून जा."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं! जिला त्या कंपनीचं नाव धड माहीत नाही, जिच्या दारात ती कंपनी कधी आली नाही, त्या कंपनीच्या कपाटात कुजत पडलेल्या मालाची राखण ही म्हातारी स्वतःचं तोंड बंद ठेवून करत होती. मला तिचा इतका राग यायचा की पाया पडावंसं वाटायचं.

सात-आठ वर्षं गेली. कॅसेटी गेल्या, व्हीसीडी आल्या, डीव्हीडी आल्या, केबलवर रोज फुकट पिक्चर यायला लागले. माझ्या भिंतींवरच्या टेपांना विरारच्या दमट हवेत बुरशी धरली. मी अर्ध्या गाळ्यात झेरॉक्स मशीन लावलं. बाई अजून यायच्या, पण पिक्चरचं विचारायच्या नाहीत. एकदा आल्या त्या पत्रिका घेऊन. मुलीचं लग्न ठरलं होतं. ही नात म्हणजे आयचा जीव की प्राण. शूटिंगच्या वेळी फ्रॉक घालून विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती, आणि आता बँकेत नोकरीला लागली होती.

"पोरगी म्हणते, बँडचं गाणं नको," बाई म्हणाल्या. "आजीचंच हवं. नाहीतर विहिरीवर जायचंच नाही म्हणते. आणि आय नाही म्हणते. दोघी सारख्याच." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आयचं वय झालंय हो. आता नाही तर कधीच नाही."

बाईंना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. ते मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बायकोच्या हवाली करून मी पुन्हा लॅमिंग्टन रोड गाठला. म्हटलं, त्या ऑडिओ कंपनीच्या मालकाच्या पायावर डोकं ठेवतो आणि दोन शब्द त्याच्याच तोंडून टेपवर आणतो. आमचा जुना व्यापारी आता व्हीसीडी विकत होता. त्याने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. "अजून तेच? अरे, ती कंपनी केव्हाच बुडाली. व्हिडिओवालीही बुडाली. दोघींचा सगळा माल एका नव्या कंपनीने घेतला, घाऊक भावात. आता रोज काहीतरी जुनं काढतायत, स्वस्तातलं." त्याने मागच्या खोक्यात हात घालून चाळलं आणि व्हीसीडीचं एक पातळ पाकीट माझ्यापुढे टाकलं. तेच हिरो-हिरॉईन, रंग थोडे विटलेले. खाली लिहिलेलं: 'संपूर्ण चित्रपट, सर्व गाण्यांसह'.

इतकी वर्षं जे दोघांच्या हट्टापायी अडलं होतं, ते दोघेही मेल्यावर आपोआप सुटलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या व्यापाऱ्यालाच चार शिव्या घातल्या.

या वेळी मात्र मी ती आधी लावून पाहिली. गाणं होतं. बायकोने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हे आजींना दाखवाच."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवात टीव्ही लावला. बायका तांदूळ निवडत बसलेल्या. गर्दी नको, असं बाईंनी सांगितलं होतं. आयला खुर्चीत बसवलं. नात तिच्या पायाशी, हातावर मेंदी.

विहीर दिसली. लाल लुगडी दिसली. त्यातल्या दोघी-तिघी आता जगात नव्हत्या, त्यांना बघून मांडवात हुंदके सुरू झाले. आणि कॅमेरा आयवर आला. तरणीताठी नव्हे, पण केस अजून काळे, मान वर, तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून भलत्याच बाईचा गोड, बारीक, स्टुडिओतला आवाज निघाला. मागे ढोलकी. चाल उडती. विहिरीला आमंत्रण नाही, केळीला नाही, चुलीला नाही; कुणा राजकुमाराच्या घोड्याचं वर्णन. पहिला एक शब्द तेवढा आयच्या गाण्यातला. पुढे तिचे ओठ एक सांगत होते आणि आवाज दुसरंच.

आय पुढे झुकली. "ही कोण?"

"तूच आहेस, आय," बाई म्हणाल्या.

"ते दिसतंय. गातंय कोण?"

मी म्हटलं, "आजी, त्यांनी आवाज दुसऱ्या बाईचा बसवला. शब्दही त्यांचेच."

"मग माझं कुठाय?"

"घेतलंच नाही त्यांनी."

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "बघ की, माझं तोंड कुठे चाललंय आणि ही कुठे चाललीय!" कुणीतरी फिस्सकन हसलं. आय नाही हसली. तिचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत मी तिला रागावलेलं पाहिलं नव्हतं, आणि तो राग बघून मला माझा राग म्हणजे काहीच नाही असं वाटलं. "शेजारणीच्या लेकी गेल्या, माझ्या भावाच्या नाती गेल्या, सगळ्या मुक्या गेल्या विहिरीवर. ह्याच्यासाठी? ह्या घोड्यासाठी?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बंद कर ते."

मी बंद केलं. ती खुर्चीतून उठली, नातीचा हात धरला आणि विहिरीकडे चालायला लागली. बायकांची एकच धावपळ, कुणी कळशी घेतली, कुणी तांदळाचं सूप तसंच हातात धरून निघाली. आणि आयने सुरू केलं. आवाज फाटका झाला होता, वर चढत नव्हता. पण विहिरीला ये म्हणाली ते असं, की मीसुद्धा विहिरीकडे बघितलं. केळीला म्हणाली, नारळीला म्हणाली, चुलीला म्हणाली. बायका पालुपद धरत होत्या, म्हाताऱ्या रडत होत्या, माझी बायको, तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तीही रडत होती.

आणि आय थांबली. बायकांनी पालुपद पुन्हा म्हटलं, तिला वेळ दिला. आयने तोंड उघडलं, मिटलं. पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा त्याच जागी येऊन थांबली. एक कडवं येत नव्हतं. शेवटचं, मुलीला निरोपाचं. बाकीच्यांना कधीच येत नव्हतं, ते तिच्या एकटीचं. सात-आठ वर्षं तोंडात न घेतलेलं गाणं, कसं राहील? "जाऊ दे आजी, झालं की छान," नात म्हणाली. विहिरीतलं पाणी भरलं, सगळ्या परत आल्या. संध्याकाळी ती जेवली नाही. बाई मला म्हणाल्या, "ओठ हलतायत तिचे. शोधतेय."

दुसऱ्या दिवशी देवळात, म्हणजे गावातल्या चर्चमध्ये, लग्न. आम्ही नवरा-बायको मागच्या बाकावर, कुठे उठायचं नि कुठे बसायचं ते पुढच्यांकडे बघून करत होतो. वचनं झाली, अंगठ्या झाल्या, फादर संसारावर चार शब्द सांगत होते. आणि पुढच्या बाकावरून आय उभी राहिली. बाईंनी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला. फादर बोलता बोलता थांबले.

हरवलेलं कडवं तिने तिथेच सुरू केलं, कारण पुन्हा निसटलं तर? देवळात तिचा फाटका आवाज भलताच मोठा वाटत होता. अर्थ मला बाईंनी नंतर सांगितला: पोरी, इथलं भरलेलं सगळं इथेच राहू दे, तू रिकामी कळशी घेऊन जा, आणि तिथलं पाणी तिथे भर. एवढंच. फादरांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि मान खाली घालून उभे राहिले.

कडवं संपलं. पालुपद धरायला कुणाचा धीर होईना. तेव्हा नवरी वेदीपुढून मागे वळली आणि तिने ते धरलं, एकटीने. नवरा बिचारा मुंबईचा. त्याला ते गाणं येत नव्हतं, तो नुसता तिच्याकडे बघत उभा राहिला.